गाठीपलीकडची किडनी

पॅथॉलॉजीत बावीस वर्षं झाली, ट्यूमरसाठी काढलेल्या किडन्या किती बघितल्या त्याचा हिशोब नाही, पण ही एक केस डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय.

पेशंट ६८ वर्षांच्या बाई. डाव्या किडनीत साडेपाच सेंटिमीटरची गाठ, खालच्या टोकापासून पार मधोमध, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथपर्यंत पोचलेली, म्हणून सर्जननी अख्खी किडनी काढली. सोबतच्या फॉर्मवर एवढंच: बीपीच्या गोळ्या चालू, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) १.१, नॉर्मल.

ग्रॉसिंग, म्हणजे काढलेली किडनी चिरून, बघून स्लाइडसाठी तुकडे घेणं, आमच्या रेसिडेंटने केलं होतं. आतून पिवळीधमक गाठ, मधेमधे रक्ताचे डाग, म्हणजे किडनीचा नेहमीचा कॅन्सर, क्लिअर सेल कार्सिनोमा असणार हे चिरल्याबरोबर कळावं अशी. स्लाइड्सवर पण तेच निघालं. ग्रेड २, गाठ किडनीच्या आतच, बाहेरच्या चरबीत नाही, व्हेनमध्ये नाही, कापलेल्या कडा मोकळ्या, स्टेज पीटी१बी, म्हणजे पहिलीच पायरी. कॅन्सरच्या हिशोबाने चांगला रिपोर्ट. पंधरा मिनिटांत सही झाली असती.

पण या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते, गाठ सोडून बाकीची किडनी कशी आहे ते लिहायची. खरं सांगते, कितीतरी वर्षं मी तिथे ‘विशेष काही नाही’ लिहीत आले. गाठ एवढी मोठी आणि एवढी महत्त्वाची असते की सगळं लक्ष तीच खाते. त्या दिवशीही तेच लिहिणार होते, तेवढ्यात स्लाइडच्या कडेला एक बारीक रक्तवाहिनी दिसली, भिंत जाड, गुलाबी, काचेसारखी. आपण हायलिन म्हणतो ते. आता ६८ वय, वरून बीपी, थोडंफार असणारच, म्हणून स्लाइड पुढे सरकवली आणि परत मागे आणली, कारण त्याच ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या, दुसऱ्या बाजूची वाहिनी पण तशीच होती. रक्त आत आणणारी आणि बाहेर नेणारी, दोन्ही. नुसत्या बीपीत सहसा आत येणारीच बिघडते. दोन्ही बिघडल्या की पहिला संशय डायबेटिसचा.

अडचण अशी की तो तुकडा गाठीला अगदी लागून घेतलेला होता. गाठीच्या दाबाने शेजारची किडनी तशीही चेपते, नळ्या सुकतात, ग्लोमेरुलाय बंद पडतात, तिथलं बघून बाकीच्या किडनीबद्दल बोलणं म्हणजे खड्ड्याशेजारी उभं राहून अख्ख्या रस्त्याचा रिपोर्ट देणं. रेसिडेंटला हाक मारली, म्हटलं अरे किडनी ठेवलेली बादली काढ, वरच्या टोकाचे दोन तुकडे घेऊ, गाठीपासून जितकं लांब जाता येईल तितकं. तो म्हणाला मॅडम, ट्यूमरचं तर सगळं झालंय ना? म्हटलं ट्यूमरचं झालंय, पेशंटचं नाही झालं.

दुसऱ्या दिवशी नवीन स्लाइड्स, पीएएस आणि सिल्व्हर हे खास रंग (स्टेन) देऊन. पहिलाच ग्लोमेरुलस बघितला आणि मी खुर्चीत सरळ झाले. मधोमध गोल घट्ट गाठोडी, पीएएसवर गडद गुलाबी, सिल्व्हरवर काळी, भोवतीच्या केशवाहिन्या कडेला ढकललेल्या. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ साली वर्णन केली तीच नोड्यूल्स. एक नाही दोन नाही, बऱ्याच ग्लोमेरुलायमध्ये. अशी गाठोडी अमायलॉइड नावाचं प्रोटीन साठतं तेव्हा दिसू शकतात, लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे तुकडे, साठण्याच्या आजारात दिसतात, वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांतही दिसतात, म्हणून अमायलॉइडसाठीचा स्टेन, काँगो रेड केला, निगेटिव्ह. लाइट चेनसाठी कप्पा-लॅम्डाही लावून बघितलं, काही साठलेलं नाही. राहिला डायबेटिस. आणि फॉर्मवर डायबेटिसचा ‘ड’ पण नाही.

सर्जनना फोन लावला. सर, तुमच्या त्या पेशंटला शुगर आहे का? नाही मॅडम, ऑपरेशनआधी एकदा रँडम १७० च्या आसपास आली होती, टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून दिलं. आणि लघवीत प्रोटीन? फाइल चाळल्याचा आवाज, मग म्हणाले होतं, वन प्लस, पण गाठ होती ना, लघवीतून रक्तही जात होतं, त्यामुळेच असेल असं धरलं. मी गप्प बसले, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच धरलं असतं. गाठ सापडली की सगळ्याचं खापर तिच्यावर फोडून आपण मोकळे होतो.

मग क्रिएटिनिनवर आलो. १.१ म्हणजे लॅबच्या चौकटीत बसतं, लाल अक्षरात येत नाही, म्हणून कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. बारीक अंगकाठीच्या वयस्कर बाईचा १.१ आणि तरुण धडधाकट माणसाचा १.१ हे एकच नाहीत. फोनवर असतानाच वय आणि लिंग घालून २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडन्यांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला, ५५ आला. म्हणजे दोन्ही किडन्या शाबूत असताना ५५. ६० च्या खाली तीन महिने राहिला की आपण त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतो, आणि या बाई त्या रेषेखाली बहुतेक कधीच्याच गेल्या होत्या. ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या दिवशीचं क्रिएटिनिन १.६. म्हणजे ईजीएफआर ३५.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, पार्शल, म्हणजे फक्त गाठीपुरता भाग काढायला हवा होता का? मी सर्जन नाही, आणि गाठीची जागा बघता अख्खी किडनी काढणंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं, तसं त्यांना सांगितलं. पण हा आकडा आधी हातात असता तर निदान विचार तरी वेगळा झाला असता, हेही सांगितलं.

हे नवीन ज्ञान नाही हो, त्याचंच जास्त वाईट वाटतं. २००६ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर सेंटरचा अभ्यास आला होता, ६६२ पेशंट, सगळ्यांचं क्रिएटिनिन नॉर्मल, छोटी गाठ, दुसरी किडनी दिसायला चांगली, आणि तरी ऑपरेशनच्या आधीच २६ टक्के लोकांचा जीएफआर ६० च्या खाली. आश्चर्य नाही, कारण सिगारेट, बीपी, लठ्ठपणा या गोष्टी किडनीचा कॅन्सरही आणतात आणि किडनीचा आजारही. किडनी दान करणारा माणूस चाळणीतून गाळून घेतलेला असतो, म्हणून त्याला एक किडनी पुरते, ट्यूमरच्या पेशंटला कोणी गाळलेलं नसतं. आणि आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांचं म्हणाल तर २००७ साली एका टीमने ट्यूमरसाठी काढलेल्या २४६ किडन्या परत तपासल्या, २४ मध्ये दुसरा आजार निघाला आणि त्यातले २१ पहिल्या रिपोर्टमध्ये सुटलेले होते. हा पेपर मी शिकताना वाचलेला, अधोरेखित करून. तरीही ‘विशेष काही नाही’ लिहीत राहिले.

जी किडनी माझ्या बादलीत आहे तिची जुळी त्या बाईंच्या पोटात आहे. एकच रक्त, एकच शुगर, एकच बीपी, इतकी वर्षं. म्हणजे समोरची स्लाइड ही आत राहिलेल्या किडनीची बायोप्सीच झाली, वेगळी सुई न टोचता मिळालेली. आणि ती किडनी आता दोघींचं काम ओढणार.

फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, डिस्चार्जला गोळ्या काय दिल्यात? अँटिबायोटिक, ॲसिडिटीची, आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक. दुखण्याची ही गोळी दमलेल्या किडनीला मारक, ऐकून पोटात गोळा आला. सरांनाही तो त्याच क्षणी कळला, म्हणाले आत्ता फोन करून बंद करतो. त्यांनी केलाही, लगेच. पुढच्या आठवड्यात एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आलं ७.९, म्हणजे डायबेटिसच, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन ६०० च्या वर, खूपच जास्त, डोळे तपासले तर पडद्यावरही डायबेटिसचे बदल. नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, ताबा घेतला, बीपीच्या गोळ्या बदलल्या, शुगरची औषधं सुरू केली, फॉलोअपच्या सीटी स्कॅनआधी मला विचारा अशी चिठ्ठी फाइलला लावली.

महिनाभराने त्या बाई स्वतः लॅबमध्ये आल्या, सेकंड ओपिनियनसाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, न्यायला. आमच्याकडे पेशंट येत नाहीत सहसा, मुलगा-सून येतात. खुर्ची दिली. कागदावर सही करून झाल्यावर म्हणाल्या, डॉक्टर, कॅन्सर निघाला ते कळलं मला, पण जी आत राहिली ती चांगली आहे ना? बावीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी थेट विचारला.

मी खोटं नाही बोलले. म्हटलं मावशी, ती पण थोडी दमलेली आहे, पण चालतेय, आणि तिला सांभाळलं तर बरीच वर्षं चालेल. शुगर, बीपी, आणि दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, औषधांचा डबा काढला, तळाशी एक अर्धी वापरलेली स्ट्रिप होती. गुडघ्यांसाठी, म्हणाल्या, पाच-सहा वर्षं झाली, रोज एक, ही तर ऑपरेशनच्या आधीपासूनची, ही पण बंद का?

हातात घेऊन नाव वाचलं. डायक्लोफिनॅकच.