प्लंजरवरची खपली: थर्मल स्प्रे कोटिंगचा माझा अनुभव

पंपाचं पॅकिंग (पाणी गळू नये म्हणून बसवलेली कडी) काढलं तर प्लंजरच्या, म्हणजे पुढे-मागे सरकून पाण्याला दाब देणाऱ्या दांड्याच्या, कडेला नखाएवढी खपली उडालेली. खालचं स्टील उघडं पडलं होतं. कोटिंग करून आणल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते.

भोसरी एमआयडीसीत माझं पंप दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कारखान्यातल्या हाय-प्रेशर वॉश पंपाचे तीन प्लंजर, ६० मिमी व्यासाचे, वर्षानुवर्षं आमच्याकडेच येतात. त्या पाण्यात बारीक वाळू आणि लोखंडाचा कीस असतो, त्यामुळे पॅकिंगखाली खाचा पडतात. आम्ही हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून द्यायचो आणि चार महिन्यांत प्लंजर पुन्हा दारात. शेवटी तिथले मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "आता क्रोम नको. टंगस्टन कार्बाइड मारून आणा, खर्च जास्त झाला तरी चालेल." थर्मल स्प्रेने, म्हणजे तापवलेली पावडर जोरात फवारून, ते करून आणलं. खर्च क्रोमच्या अडीचपट आला. तीनपैकी दोन प्लंजरची कड उडाली. तिसऱ्यावर डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा लाल रंग) मारून पाहिलं, तर बारीक लाल रेघांची जाळी उमटली.

दुसऱ्या वेळी मी टेम्पो पाठवला नाही. जॉब गाडीत घालून स्वतः दुसऱ्या कोटिंग शॉपमध्ये गेलो. तिथल्या इंजिनीअर मॅडमनी खपली उडालेला प्लंजर उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, "अंडरकट कुणी घेतला?"

"आम्हीच."

"खांदा काटकोनात ठेवलाय बघा."

ते खरं होतं. कोटिंगला जागा व्हावी म्हणून लेथवर व्यास थोडा उतरवतात तो अंडरकट, आणि त्याच्या टोकाची पायरी म्हणजे खांदा. आमच्या लेथवरच्या मामांनी तो मुद्दाम, मन लावून काटकोनात काढला होता. पायरी असली की कोटिंग अडून राहील, सुटणार नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. मॅडमनी समजावलं, की फवाऱ्यातले कण पृष्ठभागावर नव्वद अंशांच्या आसपास आपटले तरच चपटे होऊन एकमेकांवर घट्ट बसतात. काटकोनी कोपऱ्यात ते नीट बसत नाहीत, उडालेली भुकटी साचते. वरून जागा भरलेली दिसते, आतून पोकळ राहते. मग दाबाखालचं पाणी तिथूनच शिरतं. खांद्याला उतार हवा, कोपऱ्याला गोलाई हवी. ड्रॉइंगमध्ये हे लिहिणं माझं काम होतं, आणि मी नुसतं 'कार्बाइड कोटिंग' लिहून मोकळा झालो होतो.

मग नव्याने आखणी केली. जुनं कोटिंग पूर्ण काढलं. त्याच्यावरच नवं मारता येत नाही, आणि उरलेल्या क्रोमवरही नाही. व्यास ५९.६० मिमीपर्यंत उतरवला, म्हणजे तयार जॉबवर प्रत्येक बाजूला २०० मायक्रॉन थर राहणार. फवारणी ६०.१५ च्या पुढे जाईपर्यंत करायची, म्हणजे ग्राइंडिंगला माल उरतो. पावडर ठरली ८६-१०-४: टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट, क्रोम. नुसत्या कोबाल्टचा बाइंडर (कार्बाइडचे कण धरून ठेवणारा धातू) पाण्यात गंजतो, क्रोम असलं की टिकतो. मी क्रोमियम ऑक्साइडच्या सिरॅमिकबद्दलही विचारलं. त्या म्हणाल्या, "पाणी स्वच्छ असतं तर प्लाझ्माच्या गनने तेच मारून दिलं असतं. तुमच्या पाण्यात कीस आहे, ठोका बसला की सिरॅमिकचा टवका जातो."

जुलैचा बुधवार होता, बाहेर पावसाची झड. ॲल्युमिना ग्रिटने ब्लास्टिंग, म्हणजे कठीण खड्यांचा मारा, झालं तसा जॉब राखाडी, खरखरीत झाला. मी सवयीने अंगठा फिरवायला गेलो. मॅडमनी माझा हात हवेतच थांबवला. बोटांचा घाम आणि तेल लागलं की त्या जागी पकड जाते. हे कोटिंग वेल्डिंगसारखं वितळून एकजीव होत नाही, त्या खरखरीतपणातच ते रुतून बसतं. तेवढ्यात लाइट गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. दुसरा दिवस गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. मी म्हटलं, शुक्रवारी नुसतं फवारून द्या. त्यांनी साफ नकार दिला. दमट हवेत ब्लास्ट केलेलं स्टील काही तासांत काळवंडायला लागतं, त्यामुळे शुक्रवारी सगळं ब्लास्टिंग पुन्हा केलं. त्या नकारामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

फवारणी बंद खोलीत होते. आवाज इतका, की काचेबाहेरही कानात बोळे घालावे लागतात. एचव्हीओएफ (अतिवेगवान ज्वालेने फवारणाऱ्या) गनमध्ये ऑक्सिजन आणि रॉकेल जळतं. ज्वाला आवाजापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडते आणि तिच्यात चमकते मणी ओळीने ओवल्यासारखे दिसतात. ते दृश्य मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. ज्वाला हजारो अंशांची, पण जॉब फिरता असतो, त्यावर हवेचे झोत असतात आणि मध्ये थांबून तापमान पाहिलं जातं. १५० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून शाफ्ट वाकत नाही. वेल्डिंगने भरलेले आणि मग वाकलेले शाफ्ट सरळ करण्यात माझी किती वर्षं गेली, ते मलाच ठाऊक.

जॉबसोबत एक छोटा तुकडाही फवारतात. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली सच्छिद्रता आणि कठीणपणा पाहतात. रिपोर्ट मागून घ्यावा. मी पहिल्या वेळी मागितला नव्हता.

तिसऱ्या प्लंजरवरची जाळी मात्र गनमुळे आलेली नव्हती. आमच्या नेहमीच्या ग्राइंडिंगवाल्याने साधा व्हील लावून घासला होता. कार्बाइड त्याला दाद देत नाही, नुसतं तापतं आणि तडकतं. इथे डायमंड व्हील, भरपूर कूलंट आणि अगदी हलका कट लागतो. या वेळी डायमंडवाल्याकडे दिलं आणि वरून लॅपिंग (अगदी बारीक घासाई) करून पृष्ठभागाचा खरखरीतपणा (आरए) ०.२ मायक्रॉनपर्यंत आणला. नाहीतर कोटिंग टिकतं, पण ते पॅकिंग खाऊन टाकतं.

कोटिंग शॉपच्या रॅकवर कागद गिरणीचे रोल होते, बॉल व्हॉल्व्हचे गोळे होते. हिमालयातल्या जलविद्युत केंद्रांत टर्बाइनच्या भागांवरही हेच कार्बाइड मारतात, कारण तिथल्या नद्यांच्या पाण्यातली गारगोटीची वाळू स्टील खाते. माझ्या प्लंजरचं दुखणंही तेच होतं, फक्त लहान.

मागच्या आठवड्यात चौदाव्या महिन्याची तपासणी झाली. तिन्ही प्लंजर मायक्रोमीटरने तीन-तीन जागी मोजले. सगळ्यात जास्त झीज निघाली ०.०१ मिमी. पॅकिंग बदललं आणि तेच प्लंजर परत बसवले. साहेबांनी जाताना ३० मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) एक बुश हातात दिलं, आतून हेच मारून द्या म्हणाले. गनला जॉबपासून तीसेक सेंटिमीटर अंतर लागतं आणि समोरून मारावं लागतं, एवढ्या बोअरमध्ये ती वळणार कुठे? मी बुश तिथेच परत दिलं.