गदिमांच्या गीतांची नोंदवही : लेबल गेलेल्या तबकड्या, बागेतील पाट्या आणि एक ऑक्टोबरची तयारी

मागील नोंद पावसाळ्यापूर्वीची होती. कवी ग. दि. माडगूळकर यांच्या स्मरणार्थ सांगलीच्या विश्रामबागेतील वसाहतीच्या खुल्या जागेत लहानशी बाग करणे, १ ऑक्टोबरला त्यांच्या जयंतीनिमित्त विनातिकीट गायनाचा कार्यक्रम करणे आणि सांगली-मिरजेतील घराघरांत पडून असलेल्या त्यांच्या गीतांच्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून घेणे, एवढे काम आम्ही काही हौशी मंडळींनी अंगावर घेतले आहे, हे नियमित वाचकांना ठाऊक आहेच. बागेचे काम रेंगाळले आहे, कार्यक्रमाचे बरे चालले आहे. तबकड्यांच्या कामाने मात्र अनपेक्षित वळण घेतल्यामुळे ही नोंद बहुतांशी त्याविषयीच आहे.

गावभागातील एका कुटुंबाने माळ्यावर ठेवलेले एक पोते आम्हांला दिले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या घराचा तळमजला बुडाला होता आणि त्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे कपाटही होते. पाणी ओसरल्यावर त्या वाळवून पोत्यात भरल्या गेल्या आणि नंतर कोणी त्यांना हात लावला नाही. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख ठिसूळ असली तरी पाण्याला चांगली दाद देत नाही, त्यामुळे तबकड्या बऱ्याच अंशी शाबूत होत्या. कागदी वेष्टनांचा मात्र लगदा होऊन तो खाचांत बसला होता आणि लेबले कुठे फुगलेली, कुठे अर्धी सुटलेली, तर कुठे पूर्णपणे नाहीशी झालेली होती.

धुण्याची पद्धत विचारणारे अनेक जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. आम्ही ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात सौम्य द्रवसाबणाचा एखादा थेंब एवढेच वापरतो. लेबल उरले असेल तर त्यावर रबराची चकती दाबून धरायची आणि मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा. पुराचा गाळ अतिशय बारीक असतो. पहिल्या धुण्यात पाणी चहासारखे होते, दुसऱ्यात गढूळ राहते आणि त्यानंतर कुठे काळा चकचकीत पृष्ठभाग दिसू लागतो. वाळवताना ऊन कटाक्षाने टाळावे, कारण उष्णतेने लाख वाकते. तबकड्या पंख्याखाली, उभ्या ठेवून वाळवाव्यात.

अशीच एक लेबल नसलेली तबकडी वाळल्यावर टेबलदिव्याच्या तिरप्या उजेडात धरली, तेव्हा मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक स्पष्ट वाचता आला. हा क्रमांक मूळ साच्यातूनच लाखेत उमटतो, त्यामुळे पुराला तो पुसता आला नाही. सुई ठेवली आणि ढोलकीनंतर आवाज आला, तो आशा भोसले यांचा. ‘बुगडी माझी सांडली गं’. खोलीतील प्रत्येकाने गायिका ओळखली. आमच्यातील जाणत्यांनी संगीत वसंत पवार यांचे आणि चित्रपट १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ हेही लगेच सांगितले, आणि जयश्री गडकर यांचा उल्लेख तर ओघानेच आला. गीत कोणाचे, हे मात्र आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने विचारेपर्यंत कोणाच्या तोंडी आले नाही. आणि जमलो होतो आम्ही माडगूळकरांसाठी!

या प्रसंगामुळे कामाची दिशा बदलली. गायक आवाजावरून ओळखता येतो, संगीतकार बहुतेक वेळा चालीवरून आणि वाद्यमेळावरून ओळखता येतो. कवीचे नाव मात्र केवळ कागदावर असते. कागद गेला की शब्द उरतात आणि शब्दांचा धनी हरवतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘इंद्रायणी काठी’. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’साठी माडगूळकरांनी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले आणि भीमसेन जोशी यांनी गायलेले हे गीत एखाद्या संताचा अभंग समजून भजनाच्या फडात गाणारे पुष्कळ लोक आपल्याच जिल्ह्यात भेटतात. कवीला याहून मोठी पावती नाही असे म्हणता येईल, आणि मीही तसे म्हणत आलो आहे. पण स्मारकाच्या कामात असलेल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

म्हणून आता प्रत्येक तबकडीसाठी नोंदवहीत एक पान ठेवले आहे. त्यावर मॅट्रिक्स क्रमांक, लेबलाचे छायाचित्र (असल्यास) आणि गायक, संगीतकार व चित्रपट यांची नावे येतात. मुख्य मजकूर असतो तो प्रत्यक्ष गायलेल्या शब्दांचा, छापील संहितेशी ओळीगणिक ताडून लिहिलेला. दहा इंची ७८च्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात. त्यात सुरुवातीचे संगीत, मधले तुकडे आणि धृपदाची आवर्तने धरली की कवीच्या वाट्याला दोन किंवा तीन कडवी उरतात. छापील पानावर असलेले आणि तबकडीवर नसलेले कडवे कोणते, हे पाहणे हा आता आमचा आवडता उद्योग झाला आहे.

या बाबतीत ‘गीतरामायण’ अगदीच वेगळे पडते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत सादर होत गेले आणि अधिक मासामुळे ती संख्या ५६ झाली. आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकारातून आलेल्या या कार्यक्रमाला तबकडीच्या लांबीचे बंधन नव्हते, त्यामुळे माडगूळकरांना आठ, नऊ, दहा कडव्यांची गीते लिहिता आली आणि सुधीर फडके यांना प्रसंगानुसार ती चालींत बांधता आली. पुढे फडके यांनी ही सर्व गीते स्वतः गाऊन घराघरांत पोहोचवली, त्यामुळे मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, गजाननराव वाटवे असे अनेक कलावंत गायले होते, हे आता सांगावे लागते. म्हणजे शब्द, स्वर आणि प्रसारण यांची नोंद कागदावर नीट राहिली नाही, तर केवळ कवीच नव्हे, गायकही विस्मरणात जातो. माझ्या मताने मराठी गीतलेखनाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने ७८ची एक बाजू आणि ‘गीतरामायणा’तील एक गीत शेजारीशेजारी ठेवून ऐकावे. एकाच लेखणीला सव्वातीन मिनिटांत काय करावे लागते आणि मोकळीक मिळाली की ती काय करते, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतके स्पष्ट होत नाही.

आता यंत्रांविषयी. ७८च्या खाचा रुंद असतात, म्हणून एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग प्ले तबकडीची, सुई त्यांच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. सुमारे तीन मिल, म्हणजे ७५ मायक्रॉन टोकाची सुई वेगळी घ्यावी लागते. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, दोन्ही वाहिन्या जोडून मोनो (एकच वाहिनी) केल्यास उभ्या कंपनातून येणारा बराच कचरा आपोआप कमी होतो. वेग तपासण्यासाठी ७७ रेषांची स्ट्रोबोस्कोप चकती वापरली, तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली रेषा ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसतात. तेवढा फरक कानाला जाणवत नाही. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला, कोणतीही सफाई न करता ठेवायची, आणि ऐकण्यासाठी दुसरी प्रत करायची.

सफाईच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. खरखर काढणारी संगणकीय साधने हल्ली फार सोपी झाली आहेत आणि ती हौसेने ताणली जातात. परंतु स, श, च या वर्णांचा घर्षणध्वनी ज्या पट्ट्यात असतो, त्याच पट्ट्यात लाखेची खरखरही असते. खरखर पूर्ण गेली की आवाज कापसात गुंडाळल्यासारखा होतो आणि ‘सांडली’मधला ‘स’ बोथट ऐकू येतो. आवाजाच्या रसिकाला ते चालेल. शब्दांची नोंद करणाऱ्याला चालणार नाही. थोडी खरखर राहू द्यावी.

उतरवलेल्या ध्वनिफिती सर्वांसाठी खुल्या का करत नाही, असा प्रश्न वारंवार येतो. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो, त्यामुळे १९५९च्या तबकडीवरील हा विशिष्ट हक्क २०१९च्या अखेरीस संपला. पण शब्दांवरील हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे असतो. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, आणि सुधीर फडके २००२मध्ये गेल्यामुळे त्यांच्या चाली २०६२पर्यंत. तोवर या फिती गटापुरत्या आणि अभ्यासापुरत्याच राहतील. नोंदवहीतील माहिती मात्र कोणालाही मिळेल. माहितीवर असा हक्क नसतो.

कार्यक्रमाची तालीम मिरजेला एका सभासदाच्या घरी चालते. तंबोरा सतारमेकर गल्लीतून जवारी काढून, म्हणजे घोडी घासून झंकार नीट करून, आणला आहे. निवेदनात यंदा कवीचे नाव प्रथम, मग संगीतकार, मग मूळ गायक, असा क्रम ठरला. वाद झाला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. तबकडीवर नसलेली कडवी कार्यक्रमात गाऊन दाखवावीत, असे मी सुचवले होते. आमच्या संवादिनीवादक काकांनी त्यास ठाम विरोध केला. संगीतकाराने जे कडवे घेतले नाही, ते न घेण्यातही त्याची रचना असते आणि तयार चालीत ते कडवे कोंबले तर यती, म्हणजे ओळीतील विराम, भलत्या ठिकाणी पडते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन गीतांवर प्रयोग केला, तेव्हा एकात त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि दुसऱ्यात कडवे इतके सहज बसले की काकांनीच ते पुन्हा म्हणायला लावले. आता गाळलेली कडवी निवेदक वाचून दाखवेल आणि ते एक तेवढे गायले जाईल.

बागेविषयी थोडक्यात. आंबा, कडुनिंब आणि बोर जगले, मोगऱ्याला उधई लागली. ‘नाच रे मोरा’ची पाटी आंब्याजवळच असावी, हा लहान मुलांचा हट्ट मान्य केला आहे. शेटफळ्याचा जन्म, माडगुळ्याचे बालपण, औंधचे शिक्षण, कुंडलचे दिवस आणि पुढे लेखनासाठी ते येऊन राहत तो माडगुळ्याच्या रानातला ‘बामणाचा पत्रा’ अशी स्थळे दाखवणारा दगडी नकाशा करायचा आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांना हा कवी पुण्याचाच वाटतो. पाट्यांवरील शुद्धलेखन अजून अडलेले आहे : जुन्या छपाईतील उच्चार नसलेले अनुस्वार ठेवावेत की १९६२च्या नियमांप्रमाणे काढावेत, यावर एकमत नाही. माझे मत काढावेत असे आहे, मात्र वृत्तासाठी कवीने केलेल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. खोदकाम करणाऱ्याला तोवर थांबवले आहे.

नोंदवहीचा हा नमुना माडगूळकरांपुरता ठेवण्याचे कारण नाही. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि येडे निपाणीचे पी. सावळाराम यांच्या रचनांसाठी इस्लामपूरकडील दोघांनी पाने आखायला घेतली आहेत.

पुढील नोंद जयंतीनंतर येईल. तोपर्यंत एक विनंती आहे : चित्रपटगृहाबाहेर पूर्वी विकली जाणारी गाण्यांची चोपडी कोणाच्या घरी असतील, तर ती रद्दीत देऊ नयेत. त्यांत गीताचे शब्द आणि श्रेयनामावली असते. तबकडी नसली आणि नुसते चोपडे असले तरी ते आम्हांला हवे आहे. फाटके असले तरी चालेल, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. छायाचित्र काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत केली जाईल.