रंग सांग, रंग!

भाच्याने बोलावलं म्हणून गेलो. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात रेस्टॉरंट आहे, तिथे दर मंगळवारी रात्री क्विझ असते. ‘मामा, तुला सगळं माहीत असतं, चल आमच्या टीममध्ये,’ असं कोणी म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. मंगळवारच का, हे आत शिरल्याशिरल्या कळलं. मुंबईत मंगळवारी निम्म्या लोकांना सामिष चालत नाही, उरलेल्यांना सकाळी ऑफिस. मग खुर्च्या भरायच्या कशा? युक्ती मूळची विलायती. इंग्लंडमध्ये १९७६ साली शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी पबवाल्यांना क्विझ पुरवायला सुरुवात केली, ती अशाच ओस रात्रींसाठी. आमच्या टीममधली एक मुलगी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी राहून आली होती. ती लिंबूसरबत आणि पनीर टिक्क्यावर तीन तास बसली. म्हणजे युक्ती इथेही लागू पडते.

मी खिशात पेन घेऊन गेलो होतो. त्यावर पोरं इतकी हसली की ते मी पुन्हा बाहेर काढलंच नाही. टेबलावर एक क्यूआर कोड चिकटवलेला. तो फोनने स्कॅन करायचा, टीमचं नाव टाकायचं (आमचं ‘सुकी भेळ’) आणि समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत बसायचं. प्रश्न आणि चार पर्याय पडद्यावर. हातातल्या फोनवर मात्र अक्षर नाही, नुसते चार रंग: लाल त्रिकोण, निळी पत्त्यांतली चौकट, पिवळा गोल, हिरवा चौकोन. या खेळाचं नाव काहूट. नॉर्वेतल्या लोकांनी २०१३ मध्ये तो आणला, तो शाळेच्या वर्गासाठी. आता तो बिअरच्या जगशेजारी खेळतात. वर्गातली मागच्या बाकावरची पोरं मोठी होऊन इथेच येत असणार, तेव्हा तेही बरोबरच म्हणा.

प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद. क्षणात बोट ठेवलं तर हजार गुण, आणि जसजसा काटा सरकेल तसतसे कमी होत शेवटी पाचशे. आधी मला हा अन्याय वाटला. मग लक्षात आलं, हातात फोन दिलाय म्हणजे गुगलही दिलंय. ते उघडायला सवड मिळू नये म्हणून ही घाई. चोरावर पहारा ठेवायचा तर साव पण पळवावा लागतो.

अमेरिकेतल्या बारवाल्यांनी हे कधीच केलं होतं. तिथे ऐंशीच्या दशकापासून बझटाइमसारख्या कंपन्यांनी बारमध्ये खेळाची यंत्रं दिली. देशभरातल्या बारमध्ये एकच प्रश्न एकाच वेळी, आणि आपण कितवे आलो ते पडद्यावर. त्यांचा सुरुवातीचा एक खेळ तर असा, की टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असताना पुढची चाल कोणती होणार ते ओळखायचं. आपल्याकडे आयपीएलला शेजारचा काका हे फुकट करतो: ‘बघ, आता वाइड टाकणार.’ गुण त्याचे तोच देतो.

तर राजाबाई टॉवर. आठवा की नववा प्रश्न होता. राजाबाई ही प्रेमचंद रायचंद यांची कोण? आई, बायको, बहीण, मुलगी. मी खुर्चीतच सरसावलो. एवढा सोपा प्रश्न! म्हटलं, ‘अरे, प्रेमचंद रायचंद म्हणजे कापसाचा राजा. अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस बंद, मुंबईत नुसता पैसा. त्याने विद्यापीठाच्या टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. नकाशा काढला गिल्बर्ट स्कॉटने, तो तर मुंबईला कधी आलाच नाही, आणि...’

‘मामा, रंग सांग, रंग!’

आता रंग कुठून आणू? मला आई माहीत होती, तिचा रंग माहीत नव्हता. पडद्यावर बघेपर्यंत, चष्मा सावरेपर्यंत आकडा तीनवर आला. मी ‘लाल’ म्हणालो, भाच्याचा अंगठा घाईत निळ्यावर पडला, आणि राजाबाई बायको झाली. शेजारच्या टेबलावरच्या, जन्माने पुण्याच्या असाव्यात अशा मुलींनी एका सेकंदात हजारातले बहुतेक सगळे गुण खिशात घातले.

माझ्या तरुणपणी गिरगावातल्या एका परमिट रूममध्येही प्रश्नोत्तरं चालायची. कोपऱ्यातलं टेबल, खारे शेंगदाणे, उकडलेलं अंडं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. एका शनिवारी वाद निघाला, गावसकरने १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ७७४ धावा केल्या त्या चार कसोटींत की पाच? मालिका पाच कसोट्यांची, म्हणून एक पक्ष पाचवर ठाम. दुसरा म्हणे, पहिलीत तो खेळलाच नाही. वेटरला पंच नेमलं, तर तो म्हणाला, ‘साहेब, मी तेव्हा गावी होतो.’ तीन शनिवार हे चाललं. त्यात चाळीची दुरुस्ती, एकाच्या मेव्हण्याचं लग्न, बेस्ट बसचं भाडं, काय काय येऊन गेलं. चौथ्या शनिवारी एक जण प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रण घेऊन आला: चार कसोटी. सगळे गप्प. त्याच्याशी नंतर कोणी महिनाभर नीट बोललं नाही. बरोबर होता बिचारा, पण त्याने आमचा विषय संपवला.

आणि गणेशोत्सवातली प्रश्नमंजुषा! तिथे तर सूत्रसंचालकच आधी उत्तर सुचवायचा. ‘कोणता किल्ला? रा... राय...’ मंडपभर पोरं ओरडायची. मला त्यात मिळालेल्या स्टीलच्या डब्यात आजही साखर आहे. झाकण जरा सैल झालंय.

सुकी भेळ अकरा टीममध्ये सातवी आली. पहिल्यांना बिलात सूट, आम्हाला अख्खं बिल. पोरांना काही वाटलं नाही, ती पुढच्या मंगळवारचं ठरवत होती. राजाबाईसारख्या प्रश्नांचा माझ्याकडे साठा आहे, पण त्यांना रंग नाहीत, तेव्हा मी काही बोललो नाही.

लोअर परळला गाडीत चढलो. बसायला जागा नव्हती, दाराजवळच उभे राहिलो. भाचा म्हणाला, ‘मामा, ते राजाबाईचं काय सांगत होतास तू? ती आंधळी होती ना?’

‘दिसत नव्हतं म्हणतात तिला. जैन बाई, सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणून टोल ऐकू यावेत यासाठी टॉवर, अशी गोष्ट सांगतात. पण थांब, मुळात पैसा आला कुठून ते आधी ऐक. अठराशे एकसष्टमध्ये...’

मध्ये एकच स्टेशन, प्रभादेवी. दादरला त्याला सेंट्रल पकडायची होती. गर्दीने त्याला खाली उतरवलं तेव्हा माझ्या कापसाचा भाव अजून चढतच होता.