आधी वीस मिनिटं गप्प बसायचं

“हिला दूधच उतरत नाही, वरचं चालू करू का?” गावात बाळंतिणींच्या मदतीला आम्ही पाचजणी लागलो तेव्हापासून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. बोलते बहुधा सासू किंवा आई. बाळंतीण शेजारी मान खाली घालून बसलेली असते आणि दिवस असतो तिसरा. याला घाईने उत्तर द्यायचं नाही, हे शिकण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं.

सुरुवात चुकलीच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जागतिक स्तनपान सप्ताहात, अंगणवाडीत फलक लावले, भाषणं ठेवली. जमल्या त्या गरोदर बायका आणि सहा-सात महिन्यांच्या बाळांच्या आया. जिला खरी गरज ती ओली बाळंतीण महिना-सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण कार्यक्रम ठरवताना कुणालाच सुचलं नाही. मग घरोघरी जायचं ठरलं. आशाताईंच्या भेटी ठरलेल्या असतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. आम्ही त्याच वेळापत्रकाला दोन भेटी जोडल्या, दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी. दूध भरून यायचं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. पावडरचा डबाही घरात येतो तो याच दिवसांत, आणि एकदा फोडलेला डबा संपेपर्यंत कुणी बाजूला ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात जातो ते पिशवीत चहाचा चमचा घेऊन. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पितं साधारण ५ ते ७ मिली, म्हणजे हा चमचाभर. तेवढा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, आईच्या अंगात असतोच. तिसऱ्या दिवशी ते पंचविसेक मिली होतं आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी ४५ ते ६० मिली, म्हणजे कटिंग चहाचा अर्धा ग्लास. आजीच्या हातात चमचा दिला की “दोन दिवस उपाशी राहील का पोर?” हा प्रश्न बराचसा मिटतो. तोंडी कितीही सांगा, मिटत नाही.

पाचव्या दिवसाची भेट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. घरात गेल्यावर सल्ला द्यायचा नाही, वजनकाटा काढायचा नाही. “मावशी, पाजायची वेळ झाली की बघते, तोवर बसते,” म्हणायचं आणि बसायचं. बाळ अंगावर घेतल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण बघायचं, मध्ये बोलायचं नाही. नव्या मुलींना हे वीस मिनिटांचं गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. त्या दुसऱ्याच मिनिटाला हात पुढे करतात आणि मग आई एरवी कसं पाजते ते कधीच कळत नाही.

काय बघायचं? बहुतेक घरांत चित्र सारखंच दिसतं. आई पुढे वाकलेली, बाळ मांडीवर उताणं, तोंड छताकडे आणि नुसती मान आईकडे वळवलेली. आजीला आम्ही म्हणतो, “तुम्ही मान खांद्याकडे वळवा आणि पाण्याचा घोट घ्या बघू.” घोट अडकतो. बाळाचाही तसाच अडकतो. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी, पोट आईच्या पोटाला टेकलेलं हवं आणि आईच्या पाठीला उशी. वाकून बाळाकडे जायचं नाही, बाळाला वर घ्यायचं.

दुसरी चूक म्हणजे डोक्याला मागून हात लावून तोंड छातीवर दाबणं. मागून दाबलं की बाळ उलट मागे रेटतं, आणि घरचे म्हणतात, “नको म्हणतंय.” हात मानेखाली, कानांच्या मागे धरावा, म्हणजे डोकं थोडं मागे झुकायला मोकळं राहतं. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणायचं, स्तनाग्र वरच्या ओठाला हलकेच लावायचं आणि थांबायचं. तोंड जांभईएवढं उघडलं की झटकन बाळाला जवळ घ्यायचं, आधी हनुवटी टेकली पाहिजे. पकड नीट बसली की खालचा ओठ बाहेर उलटलेला असतो, गाल फुगलेले असतात आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वर जास्त, खाली कमी दिसतो. आधी भरभर चोखणं, मग संथ, आणि एक-दोन चोखण्यांनंतर घोट गिळल्याचा बारीक आवाज. टकटक आवाज येत असेल, गालाला खळी पडत असेल, तर बाळ नुसतं टोक चोखतंय.

बाळाने सोडल्यावर स्तनाग्राकडे बघायला विसरू नये. ते गोल असेल तर ठीक. एका बाजूने चेपलेलं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं, तर पकड चुकली आहे. चिरा त्यातूनच पडतात. त्यावर मलमं लावण्याआधी पकड सुधारायची. दुखत असेल तर दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. सिझेरियनच्या बाईला टाक्यांवर वजन नको असतं, तिला कुशीवर निजून किंवा बाळ काखेत धरून पाजायला शिकवतो.

घड्याळ लावून “दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे” हा सल्ला कुठून आला देवजाणे. एक बाजू बाळ स्वतःहून सोडेपर्यंत पाजायची, कारण सायीचं दूध शेवटी येतं. मग दुसरी बाजू पुढे करायची, घेतलं तर घेतलं.

यानंतर मोजणी. दूध किती येतं ते कुणाला दिसत नाही, पण बाहेर काय पडतं ते दिसतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत, शी काळी-हिरवी जाऊन पिवळी व्हायला हवी, आणि पाजणं ८ ते १२ वेळा. दिवसभर डायपर घालणाऱ्या घरात ही मोजणी होत नाही, म्हणून निदान दोन दिवस सुती लंगोट लावा म्हणतो. वजन पहिल्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं: तीन किलोच्या बाळाचं २१० ग्रॅम. १० टक्क्यांकडे गेलं की डॉक्टर. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यावं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं. इथे एक खबरदारी: काटा दर वेळी तोच हवा आणि बाळ उघडं हवं. दवाखान्याच्या आणि आमच्या काट्यात दीडशे ग्रॅमचा फरक निघाला होता, त्यापायी एका घरात विनाकारण रडारड झाली.

दूध भरून येतं तेव्हा उलटी अडचण. छाती दगडासारखी गच्च, काळा भाग ताणलेला, बाळाच्या तोंडातून निसटतो. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट फडकं ठेवायचं, मग बोटांच्या टोकांनी काळा भाग छातीच्या दिशेने मिनिटभर दाबून धरायचा आणि थोडं दूध हाताने काढायचं, म्हणजे तो मऊ होतो. पाजून झाल्यावर गार फडकं. जोराने रगडायचं नाही, आत सूज वाढते. एका जागी लाली, गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, पण पाजणं बंद करायचं नाही. दूध तुंबलं की दुखणं वाढतं.

स्तनाग्र आत गेलेलं असेल तर २० मिलीची नवी सिरिंज उपयोगी पडते. जिथे सुई बसते ते टोक ब्लेडने सरळ कापायचं आणि दट्ट्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे मूळची गुळगुळीत कड त्वचेला लागते. कापलेलीच बाजू लावली की जखम होते, हे आम्ही पाहिलंय. दट्ट्या आईनेच हळू ओढायचा, अर्धा ते एक मिनिट धरायचा, दुखलं की सोडायचा. हे दर वेळी पाजण्याआधी.

आता घरच्यांविषयी. आजीला विरोधक धरलं की त्या घराचं दार बंद झालं समजा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीला गरम गरम ताटावर वाढणं, हे सगळं आम्ही उचलून धरतो. दूध वाढवण्याचं खरं काम बाळाचं चोखणं करत असलं तरी पोट भरलेली, झोपलेली आई लागतेच. वाद घालतो तो तीनच गोष्टींवर. मध: वर्षाच्या आत बोटालासुद्धा नाही, त्यातल्या जंतूमुळे बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. गुटी: सहाण, पाणी, हात यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. आणि पाणी: सहा महिने अजिबात नको, मे महिन्यातही नको, दुधात बहुतांश पाणीच असतं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषधं यांना मात्र आडकाठी नाही. गुटी पूर्ण थांबत नसेल तर सहाणेची पूजा करा, बाळाला चाटवू नका, इथपर्यंत तडजोड झालेली आहे.

पावडरच्या डब्यांबद्दल: १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने द्यायला बंदी आहे. “दुकानदाराने भेट दिला” असं कुणी म्हटलं की हे सांगतो.

कामावर परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन सुट्ट्या, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, हे कायद्यात आहे. आमच्या पट्ट्यातली ऊसतोडीला जाणारी मात्र महिना-दीड महिन्याचं बाळ घेऊन कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहते. तिच्यासाठी दूध हाताने काढणं हाच उपाय. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला समोरासमोर ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं त्वचेवरून घसरवायची नाहीत, स्तनाग्र पिळायचं नाही. तीन-चार मिनिटं एक बाजू, मग दुसरी, असं वीस-तीस मिनिटं. पहिल्यांदा १५-२० मिली निघतं आणि बाई हिरमुसते. हाताला बाळाच्या तोंडाची सर नसते, म्हणून कामावर जाण्याच्या दोन आठवडे आधीपासून सवय करायला लावतो.

स्टीलची वाटी साबणाने धुऊन, उकळतं पाणी ओतून काही मिनिटं ठेवायची. झाकलेलं दूध गार सावलीत चार तास चालतं. मार्च-एप्रिलच्या कोपीत आम्ही दोन तासांपुढे भरवसा धरत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस असं पुस्तकात असतं. आमच्याकडे वीज जाते, म्हणून २४ तास सांगतो. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची. पाजायला वाटी किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी), बाटली नको. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, कड खालच्या ओठाला लावायची आणि बाळाला जिभेने ओढू द्यायचं. बोंडल्यातून भसकन ओतलं की ठसका लागतो.

काही वेळा आमचं काम फक्त गाडी बोलावण्याचं असतं. बाळ पाजायला उठवूनही उठत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, तळहात-तळपाय पिवळे, झटके: १०८ ला फोन, मग बाकीचं. पकड दाखवत बसायचं नाही.

आणि मग सहाव्या आठवड्यात पुन्हा तोच फोन. “ताई, दूध आटलं.” छाती मऊ झालेली असते, बाळ संध्याकाळभर अंगावरच असतं, मध्ये मध्ये रडतं. छातीचा गच्चपणा या सुमारास जातोच, कारण मागणीइतकंच दूध तयार व्हायला लागतं. आणि बाळाची भूक वाढते तेव्हा ते असंच सारखं पितं, दोन-तीन दिवसांत दूध वाढतं. आम्ही आधी विचारतो, “कालपासून लंगोट किती ओले झाले?” “सात-आठ.” मग डबा आणू नका म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पुन्हा वीस मिनिटं बसतो.