तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांचे टॉर्च मी का काढून घेते?

अभयारण्यातल्या मुक्कामाआधी पालकांची बैठक होते, तेव्हा सामानाच्या यादीतल्या एका ओळीवर हमखास कोणीतरी बोट ठेवतं. ‘टॉर्च आणावा. पहिल्या रात्री ताईंकडे जमा करावा.’ मग प्रश्न ठरलेला. “अहो, टॉर्च रात्रीच तर लागणार. मग काढून कशाला घेता?” विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बारा वर्षांचं पोर, अनोळखी रान, आणि ही बाई हातातला दिवासुद्धा ठेवू देत नाही!

आधी काळजीचं बोलते. टॉर्च माझ्याकडे असतो तो फक्त रात्रीच्या बैठकीपुरता. तंबूकडे किंवा स्वच्छतागृहाकडे जाताना तो हातात हवाच. उजेड पायाखाली, पायांत बंद बूट आणि सोबत एक जण. अंधारात सापावर पाय देण्यात कसलंही धाडस नाही. बैठकीच्या वेळीही आम्हा मोठ्यांजवळ दिवे असतात, लावलेले नसतात इतकंच.

आता बैठक कसली, ते सांगते. मावळतीच्या जरा आधी सगळ्यांना मोकळ्या जागी गोल करून बसवायचं आणि अंधार पडू द्यायचा. बस्स, एवढंच. उजेडातून अंधारात गेलेला डोळा लगेच रुळत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत जमेल तेवढं जमवून घेतात आणि तिथेच थांबतात. रात्रीचं खरं काम दंडपेशींचं. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा भरून येतं. त्याला अर्धा तास लागतो, कधी चाळीस मिनिटंही. आणि ही सगळी कमाई उधळायला एकाने एकदा डोळ्यांवर मारलेला झोत पुरतो.

एकदा पंचविसाव्या मिनिटाला एका मुलाने मोज्यात लपवलेला टॉर्च लावला. “चालू होतोय का ते बघत होतो, ताई.” मला रागवावंच लागलं नाही. बाकीच्या तेरा जणांनी मिळून जो “अरेऽऽ!” काढला, तो ऐकून बिचाऱ्याने टॉर्च स्वतःहून माझ्या हातात आणून दिला. पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

तो अर्धा तास रिकामा नसतो. सुरुवातीला खिदळणं असतं, ते आपोआप विरतं. मी गोलाच्या मध्ये एक लाल रुमाल आणि शेजारी हिरव्या पानांची गळून पडलेली डहाळी ठेवते. दिवसा रुमाल आधी डोळ्यांत भरतो. अंधारू लागलं की तो काळपट होत जातो आणि डहाळी मात्र फिकट, उजळ दिसत राहते. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. मुलांना नावाशी देणंघेणं नसतं. “रुमाल कोणी बदलला का?” म्हणून ती रांगत पुढे येऊन हाताने चाचपून बघतात. मग त्यांना एखादी पुसट चांदणी दाखवायची आणि म्हणायचं, तिच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा. थेट बघितलं की ती गायब होते, तिरकं बघितलं की हजर! डोळ्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. हे एकदा समजलं की पोरं तासन्‌तास तिरकी बघत बसतात.

मधेच कोणाला उठून जावं लागलं, तर त्याला त्याचा टॉर्च मिळतो आणि एक डोळा तळहाताने गच्च झाकायला सांगतो. परत येऊन हात काढला की एका डोळ्याला झाडं दिसतात, दुसऱ्याला नुसता काळोख. या गंमतीसाठी काहींना मुद्दाम जावंसं वाटतं, हेही कबूल करते.

हा हट्ट मी काही पुस्तक वाचून धरलेला नाही. पहिल्या वर्षी माझ्याजवळ मोठा झोतवाला दिवा होता आणि मला त्याचा भारी अभिमान. पाण्याकाठच्या झाडावर बगळ्यांचा रातथारा, म्हणजे रात्री एकत्र झोपायची जागा, होता. मुलांना दाखवावा म्हणून मी झोत थेट वर मारला. सगळा थवा एकदम उठला. पंखांची फडफड, फांद्यांवर आपटल्याचे आवाज, आणि उजेडाने आंधळे झालेले ते पक्षी काळोखात कुठे गेले कोण जाणे. सोबतचे वनरक्षक काही बोलले नाहीत, नुसता माझ्या हातातला दिवा खाली वळवला. सकाळी मी त्या झाडाखाली जायचं टाळलं.

कॅम्प म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर शेकोटी, गाणी, आरोळ्या येतात. त्यालाही इतिहास आहे. १९०७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा कॅम्प भरवला. स्काउटिंगची सुरुवात तिथली मानतात. मुलांना उठवायला ते कुडू हरणाचं शिंग फुंकायचे. आज त्याच बेटावर तांबड्या खारी जपल्या जातात आणि बेटाचा काही भाग वन्यजीवांसाठी राखलेला आहे. मुलं अजूनही तिथे मुक्कामाला जातात. शिंग फुंकणं मात्र रातथाऱ्याजवळ मी तरी कोणाला करू देणार नाही.

उजेडाचा त्रास पक्ष्यांनाच होतो असं नाही. पतंगाला कवींनी दिव्याच्या प्रेमात जाळून टाकला, पण २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगळंच दिसलं. उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी उजेड आभाळातून येतो, म्हणून वर-खाली त्यांना नीट कळतं. दिवा शेजारी आला की पाठ तिकडे वळते आणि बिचारे गरगरत राहतात. तंबूबाहेर दिवा टांगून ठेवू नका म्हणते, ते एवढ्यासाठी.

टॉर्च परत देते तेव्हा खरी मजा असते. तो कानशिलाशी, डोळ्याला अगदी लागून धरायचा आणि समोरच्या गवतावर उजेड टाकायचा. गवतात निळसर-हिरवे ठिपके लुकलुकतात. सगळ्यांना ते दवाचे थेंब वाटतात. एकीने ठिपका न सोडता वाकून वाकून माग काढला, तर तो थेंब तिच्याकडे बघत होता. लांडगा कोळी! त्याच्या डोळ्यांमागे आरशासारखा थर असतो, आलेला उजेड तो आल्या वाटेनेच परत पाठवतो. म्हणून टॉर्च हात लांब करून धरला तर काहीच दिसत नाही. तिचा कोळी म्हणजे कोळीण निघाली, पाठीवर पिल्लांचा ढीग घेतलेली, आणि तो ढीगही चमचमत होता. मुलगी कुजबुजली, “ताई, ही सगळीच बघतायत.” आम्ही मोजून दहा सेकंद बघितलं आणि उजेड काढून घेतला.

तेव्हा टॉर्च जरूर द्या, साधा, कमी उजेडाचा चालेल. काचेवर बसेल असा लाल जिलेटिन कागद आणि रबरबँडही द्या. मंद तांबडा उजेड दंडपेशींना फारसा जाणवत नाही, त्यामुळे बैठकीनंतर त्याच्यावर काम भागतं. कागद दोन द्या. एक पहिल्याच रात्री फाटतो.