चालत्या प्रोग्राममध्ये बनणारे टेक्स्टबॉक्स आणि कळांचे इव्हेंट : माझा अनुभव

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या अडत दुकानांसाठी मी सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्सवर बिलिंगचे प्रोग्राम लिहितो. एका पट्टीत (मालाच्या बिलात) चार ओळी, दुसरीत चाळीस. त्यामुळे पोती, वजन, दर यांचे टेक्स्टबॉक्स प्रोग्राम चालू असतानाच बनवावे लागतात. डिझायनर (फॉर्म आधीच आखून ठेवायचे साधन) इथे कामाचा नाही. बॉक्स बनला की लगेच += ने त्याच्या कळेच्या इव्हेंटला (कळ दाबल्याची सूचना) हँडलर, म्हणजे तेव्हा चालणारा कोड, जोडायचा, सगळ्या ओळींना एकच. कळ कुठे दाबली ते सेंडर सांगतो, ओळीचा क्रमांक टॅगमध्ये (बॉक्सवरच माहिती ठेवायची जागा) ठेवायचा. फॉर लूपमधला आय (फेरी मोजणारा आकडा) लॅम्डात, म्हणजे जागीच लिहिलेल्या बिननावी हँडलरमध्ये, वापरला, तर प्रत्येक बॉक्स लूप संपल्यानंतरचाच आकडा सांगतो.

एंटरने पुढच्या रकान्यात जायचे तर कीडाऊन (कळ खाली जाताच येणारा इव्हेंट) वापरावा. फोकस हलवून सप्रेसकीप्रेस ट्रू करावे, म्हणजे ती कळ पुढे जात नाही. नुसते हँडल्ड ट्रू केले तर टिंग वाजतच राहते. फॉर्मला ॲक्सेप्टबटन दिले असेल तर एंटर कीडाऊनपर्यंत पोचतच नाही, थेट ते बटण दाबले जाते आणि अर्धेच बिल सेव्ह! बिलाच्या फॉर्मला मी ते देतच नाही.

आपल्याकडची खरी डोकेदुखी आकड्यांची. नाव मराठीत, गाव कन्नडमध्ये टाइप होते आणि दराच्या रकान्यात येईपर्यंत कीबोर्ड तसाच राहतो. काही लेआउटमध्ये आकड्यांच्या कळांतून देवनागरी किंवा कन्नड अंक येतात. कॅर-इझडिजिट त्यांनाही अंकच मानते, म्हणून कीप्रेसमधली (कळेचे अक्षर येताना होणारा इव्हेंट) चाळणी त्यांना सोडते. पुढे मजकुराचा आकडा करणारे डेसिमल-पार्स मात्र फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखते आणि एरर देते. अंक अडवला तर काउंटरवरचा माणूस वैतागतो, त्यापेक्षा बदलून घ्यावा: कॅर-गेटन्यूमेरिकव्हॅल्यूने किंमत काढायची, त्यात ४८ (इंग्रजी शून्याचा कॅरेक्टर कोड) मिळवायचे आणि तो कॅरेक्टर ई-कीकॅरमध्ये (दाबलेले अक्षर असते ती जागा) परत ठेवायचा. दशांश चिन्ह एकदाच येऊ द्यावे. बॅकस्पेसही कीप्रेसमध्येच येतो, म्हणून कंट्रोल कॅरेक्टर (अक्षर न उमटवणाऱ्या कळांचे कोड) अडवायचे नाहीत. पेस्ट केलेला मजकूर मात्र या चाळणीतून जात नाही. त्यासाठी व्हॅलिडेटिंगमध्ये (रकाना सोडताना येणारा इव्हेंट) हेच रूपांतर पुन्हा हवे.

नवीन बिल उघडताना पॅनेलवर (बॉक्स ज्यात मांडतो तो भाग) कंट्रोल्स-क्लिअर पुरत नाही. त्याने बॉक्स पडद्यावरून जातात, डिस्पोज होत नाहीत, म्हणजे त्यांनी अडवलेली जागा सुटत नाही. विंडोज एका प्रोसेसला (चालत्या प्रोग्रामला) साधारणपणे १०,००० यूजर हँडल देते आणि प्रत्येक बॉक्सला असे हँडल लागते. दिवसभर बिले काढली की संध्याकाळी प्रोग्राम अडतो. शेवटच्या बॉक्सपासून उलट्या क्रमाने डिस्पोज करत यावे, कारण डिस्पोज होताच बॉक्स यादीतूनही निघतो आणि पुढून मोजले तर मधले सुटतात.