फोकस सरकत होता, पण दोष गिअरचा नव्हता

माझ्या थर्मल कॅमेऱ्यात (उष्णतेचं चित्र टिपणारा कॅमेरा) लेन्सची फोकस रिंग मोटर फिरवते. फोकस आपोआप सरकायचा, तेव्हा गेल्या वेळी लिहिलं होतं की फोकसच्या गिअरमधला प्ले (ढिलेपणा) मारला की काम झालं. ते मागे घेतो. तीन आठवडे मी भलत्याच जागी शोधत होतो.

लक्षण सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीवर फोकस लावायचा. दिवसभराच्या उन्हानंतर आतल्या पाण्याची पातळी आडव्या रेघेसारखी स्वच्छ दिसते, त्याहून चांगलं टार्गेट मला सापडलेलं नाही. वीस मिनिटांत ती रेघ पसरट व्हायची, आणि मोटर तर एक स्टेपही हललेली नसायची.

शेवटी कागद घेऊन बसलो. लेन्स 19 मिमी, एफ/1. 10 मायक्रॉन तरंगलांबीला फोकसची मुभा साधारण ±20 मायक्रॉन, म्हणजे फोकस तेवढा सरकला तरी चित्र स्वच्छ राहतं. लेन्सच्या आट्यांचा पिच 0.5 मिमी, रिंगवर मोजलेला प्ले 5 अंश, म्हणजे जेमतेम 7 मायक्रॉन. एवढ्याने चित्र बिघडायला नको! मग बॅरलला (लेन्सच्या नळीला) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवलं. सुरुवातीला 27 अंश, वीस मिनिटांनी 39.

माझी स्टेपर मोटर 28बीवायजे-48, तिची प्रत्येक कॉइल 50 ओहमची. 5 व्होल्टवर दोन फेज (कॉइल) चालू राहिले की 1 वॅट उष्णता सतत निघते, आणि मी मोटर सरळ ॲल्युमिनियमच्या बॅरलवर बसवली होती. लेन्स जर्मेनियमची आहे; ते तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि फोकस आखूड होतो. बॅरलचं प्रसरण धरून माझ्या लेन्सला अंशामागे सुमारे 2.8 मायक्रॉन. 12 अंशांना सुमारे 34, म्हणजे मुभेच्या बाहेर. हिशेब तंतोतंत जुळला, त्या रात्री फार बरं वाटलं.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा पांढुरका चंद्रकोरीसारखा डागही याचाच. मोटर त्याच बाजूला आहे. एनयूसी (शटर बंद करून पिक्सेलमधला फरक पुसण्याची दुरुस्ती) करूनही तो जात का नव्हता, तेही आता कळलं: शटरची पाती लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये असते, त्यामुळे पातीपुढचं तापलेलं बॅरल त्या दुरुस्तीत येतच नाही. काळा मॅट रंग दिलेला पत्रा लेन्ससमोर धरून ऑफसेट (प्रत्येक पिक्सेलमधून वजा करायचा आकडा) घेतला, तेव्हा डाग गेला. पण बॅरल तापत राहिलं तर तो परत येणारच.

उपाय साधा निघाला. हालचाल संपली की मोटर चालवणाऱ्या यूएलएन2003 चिपच्या चारही इनपुट लो, म्हणजे कॉइल बंद. गिअरबॉक्सच्या घर्षणानेच रिंग जागेवर राहते. मोटरखाली 3 मिमी नायलॉनची पट्टी घातली. आता अर्ध्या तासात बॅरल जेमतेम 2 अंश चढतं आणि टाकीतली रेघ जशीच्या तशी राहते.

मोटर घ्यायचीच असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन हाताने शाफ्ट फिरवून घ्या. ऑनलाइन मागवलेल्या पाचांपैकी दोन इतक्या सैल होत्या की परत पाठवाव्या लागल्या.

शटरलाही हाच धडा लावला. त्याचा सोलेनॉइड (पाती हलवणारं विद्युतचुंबक) बायस्टेबल आहे, आतला चुंबकच पातीला दोन्ही टोकांना धरून ठेवतो. तरी मी करंट चालू ठेवत होतो. आता डीआरव्ही8833 ड्रायव्हर चिपमधून 30 मिलिसेकंदांचा पल्स, मग बंद. उघडताना पोलॅरिटी उलटी. छोटासा ‘टक्’ आवाज येतो, तो ऐकायला मला फार आवडतो. पाती थंड राहिली तरच तिच्यावरून घेतलेला ऑफसेट खरा. पाती पूर्ण बसायच्या आत फ्रेम घेऊ नका, नाहीतर समोरच्या दृश्याचा भुताटकी ठसा पुढच्या एनयूसीपर्यंत चित्रात राहतो. मी मध्ये 100 मिलिसेकंद थांबतो.

पुढे एन20 ही छोटी गिअर मोटर आणि एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा) लावायचं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, त्याची गरजच नाही. पिनियन (मोटरचं छोटं चक्र) आणि रिंग 1:3 धरली तर रिंगच्या एका फेऱ्याला, म्हणजे 0.5 मिमीला, मोटरच्या अंदाजे 12,288 हाफ स्टेप होतात, म्हणजे तापमानाच्या अंशामागच्या 2.8 मायक्रॉनसाठी 70 च्या आसपास. बॅरलवर थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) लावायचा, तापमान वाढेल तशी लेन्स सेन्सरकडे तितक्या स्टेप सरकवायची, आणि प्ले अडचण करू नये म्हणून दर वेळी एकाच दिशेने जागेवर यायचं. 10 किलोओहमचे थर्मिस्टर डब्यात आहेतच. एन20 ची ऑर्डर आत्ताच रद्द केली. रविवारी पहाटेच्या गारव्यापासून भर दुपारपर्यंत कॅमेरा गच्चीवर ठेवून तक्ता बनवतो.